हिराणींचे सिनेमे : डोळे पुसून झाल्यावर पडणारे प्रश्न

रेणापूरकर (धागाकर्ते)

वीस वर्षांत सहा सिनेमे. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' २००३ चा, 'डंकी' २०२३ चा. मधे 'लगे रहो मुन्नाभाई', 'थ्री इडियट्स', 'पीके', 'संजू'. नागपूरचा माणूस, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग शिकलेला, अजूनही आपले सिनेमे स्वतःच कापतो. पहिले चार तरी आमच्या लातुरात शेंबड्या पोरालाही पाठ आहेत.

राजकुमार हिराणींच्या सिनेमात असताना प्रश्न पडत नाहीत. गाडी पार्किंगमधून बाहेर काढेपर्यंत पडायला लागतात. आता 'पीके'च घ्या. जग्गू बेल्जियमला लग्नासाठी सरफराजची वाट बघत बसलीय. एक पोरगं येऊन बिनसहीची चिठ्ठी देतं, ही ती वाचते आणि थेट भारत गाठते. पुढं टीव्हीवर लोकांना जाब विचारणारी बाई, पण स्वतःच्या लग्नाच्या दिवशी एक फोन लावत नाही. बरं, ही चूक कोपऱ्यात पडून राहिली असती तर चाललं असतं. अख्खा शेवट तिच्यावर उभा केलाय. तपस्वी महाराजाला हरवताना देवाधर्मावरचे इतके सुंदर मुद्दे कामाला येत नाहीत, कामाला येतो तो बेल्जियमला लावलेला फोन. म्हणजे वादात महाराज हरतच नाही, सरफराज धोका देणार हे त्याचं एक भाकीत तेवढं चुकतं.

'थ्री इडियट्स'मध्ये घोकंपट्टीच्या विरोधात दोन तास बोलून झालं की हे लोक पेपर चोरतात. तोही कॉलेजच्या डायरेक्टरच्या, म्हणजे व्हायरसच्या, मुलीने दिलेल्या किल्लीने! राजू तो पेपर फेकून देतो म्हणून त्याची अब्रू राहते, बाकी दोघांना कुणी काही विचारत नाही. 'मुन्नाभाई'त तर हिरो प्रवेश परीक्षेला डॉक्टर रुस्तमला बसवतो. याला आमच्याकडं 'डमी बसवणे' म्हणतात आणि त्यासाठी आत जावं लागतं.

हे दोष समजायचे, की असंच सांगायची त्याची पद्धत आहे? बोला.

घाटीत शिकलेला

डमीच्या मुद्द्याला +१. बाकी दवाखान्याबद्दल मी बोलतो. शिकलो संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे सरकारी मेडिकलला, आता जालना जिल्ह्यात प्रॅक्टिस.

'मुन्नाभाई'त मेडिकलच्या दृष्टीने चुका काढायच्या तर रात्र पुरणार नाही. पण पहिल्याच तासाला मुन्ना विचारतो ना, पेशंट मरायला टेकलाय तर आधी फॉर्म भरायलाच पाहिजे का? हसून सोडून द्यायचा प्रश्न नाही तो. आपल्याकडं फवारणीच्या दिवसांत विषबाधेच्या केसेस येतात. पेशंट दारातून आत आणला की वासावरूनच कळतं, डोळ्याला टॉर्च लावला की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली दिसते. तेव्हा आधी ॲट्रोपिन सुरू होतं, एमएलसीचा, म्हणजे पोलीस केसचा, कागद मागून. म्हणजे सिनेमात दाखवलंय तसा नियम नाही. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या भावाला विचारा. त्याच्या डोळ्यांसमोर एकजण नाव-गाव-वय लिहून घेतोय आणि त्याचा माणूस स्ट्रेचरवर आहे, एवढंच त्याला दिसतं. हिराणींनी दवाखाना डॉक्टरच्या बाजूने नाही, त्या भावाच्या बाजूने बघितला. म्हणून डीन अस्थाना खोटा वाटत नाही, आणि झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्याला मिठी मारली की पब्लिकच्या घशात आवंढा येतो.

आता 'थ्री इडियट्स'मधली व्हॅक्यूम क्लीनरची डिलिव्हरी, यावर मला लग्नाकार्यात हमखास विचारतात. व्हॅक्यूम लावून बाळंतपण ही खरीच पद्धत आहे, सरकारी लेबर रूममध्येही होते. बाळाच्या डोक्याला कप लावतात, दाब मोजून हळूहळू वाढवतात आणि कळ आली की तेव्हाच ओढतात. घरात झाडायच्या मशीनला दाब मोजायचं घड्याळ नसतं, म्हणून ते करू नये. पण माझी तक्रार तिथं नाहीच. तो इन्व्हर्टर आधी दाखवलेला, पिया डॉक्टर, ती कॅमेऱ्यावरून सांगणार, सगळं पेरून ठेवलेलं. पेरणीला नाव ठेवायला जागा नाही. खटकतं ते पीक. नेमकी हकालपट्टी झाली त्याच रात्री, नेमका पूर, नेमकी व्हायरसची मुलगी. आणि बाळाने पाय हलवला की तीस वर्षं मुलांना पिळणारा माणूस पेन काढून देतो. खऱ्या आयुष्यातला एचओडी नातू झाल्यावर पेढे वाटतो आणि दुसऱ्या दिवशी व्हायवाला तसाच बसतो, हे मी पाहिलेलं आहे.

पांदण

डॉक्टरसाहेब, पेढे तरी वाटले मनायचं.

आमच्याकडं मानवतच्या बाजूला 'लगे रहो' लई चालला. त्यातला तो पेन्शनवाला म्हातारा, हापिसात एक एक कपडा काढून टेबलावर ठेवतो, आठवतंय का. माझं शेवटचं हेच हाय, घे आन् दे माझी पेन्शन. तसं मी बी एकदा फेरफारासाठी हापिसात बोलून बघितलं, मनलं साहेब आता निस्ता सदरा राहिलाय. तर साहेब मनला, खिशातला मोबाईल बी दिसायलाय की.

म्हून मला वाटतं गांधीगिरी हापिसर माणसाला लाज असली तरच चालते. लाजच नसली तर फुलं आपल्याच पैशाची जातात. सिनेमात समद्यांना लाज हाय. ही खरी भानगड हाय, चिठ्ठी-बिठ्ठी राहू द्या.

तिसरी घंटा

पांदण, दंडवत. एका ओळीत अख्खी समीक्षा.

मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी होतो म्हणून थोडं पटकथेबद्दल. 'लगे रहो'ची मुख्य गोष्ट काय आहे? लकी सिंगने म्हाताऱ्यांचं घर बळकावलं आणि मुन्नाला जान्हवी हवी. दोन्ही धागे अगदी नेहमीचे. पण सिनेमा आठवतो तो मधे रेडिओवर मुन्नाला येणाऱ्या फोनांमुळे. शेअर बाजारात वडिलांचे पैसे घालवलेला मुलगा. जिन्यात पानाची पिचकारी मारणारा शेजारी आणि हसून भिंत पुसणारा भाडेकरू. हॉटेलात मुलगा बघायला आलेली मुलगी, जिला सांगितलं जातं की तो वेटरला कसा हाक मारतो ते बघ, आणि तो शिट्टी मारतो. दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या या गोष्टी. प्रत्येकीला तोंड आहे, शेपूट आहे, कुठंही भोक नाही. हिराणी आणि अभिजात जोशी यांची खरी ताकद या छोट्या गोष्टींत आहे. अडीच तास ओढायचा दोर त्यांना नीट वळता येत नाही, आणि हे त्यांनाही माहीत असावं. म्हणून तर दोर दिसूच नये इतक्या मण्यांनी तो झाकतात.

याच सिनेमात पटकथेतला एक फार प्रामाणिक नियमही आहे. गांधी मुन्नाला दिसतात, पण त्यांना तेवढंच माहीत असतं जेवढं मुन्नाने ग्रंथालयात वाचलंय. पत्रकारांसमोर नेमका त्यावरच तो उघडा पडतो. जादू दाखवून झाल्यावर ती जादू नव्हती हे स्वतःच सांगायला हिंमत लागते. पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते उगीच नाही. प्रभावळकरांनाही सहायक अभिनेत्याचं मिळालं. गांधी असा हलका, मिश्कील, शेजारच्या आजोबांसारखा करणं सोपं काम नव्हतं.

गोदाकाठ

गंगाखेडहून लिहिते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, सिनेमा फारसा कळतो असं नाही, पण तिसरी घंटा यांच्या मण्यांवरून सुचलं ते लिहिते.

हिराणींचा सिनेमा मला एकनाथांच्या भारुडासारखा वाटत आलाय. पैठणपासून खाली गोदेच्या काठाने अजूनही भारुडं होतात. सोंग घेतलेला माणूस येतो, वेडंवाकडं बोलतो, लोक पोट धरून हसतात आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येतं की हे आपल्यालाच लागलं. त्यात कथेची भोकं कुणी मोजत नाही. 'ही बाई नवऱ्याला सोडून इथं कशी आली' असं भारुडाला विचारायचं नसतं.

मात्र भारुडाचा एक कायदा आहे. 'विंचू चावला' घ्या. विंचू चावतो तो सोंग घेतलेल्यालाच. घाम त्याच्या अंगाला येतो, ठणका त्याच्या अंगात. कामक्रोधाचा विंचू चावलाय तो मलाच, असं तो सांगतो, म्हणून आपण ऐकतो. समोरच्यांकडं बोट दाखवून 'तुम्हाला चावलाय बरं का' म्हणाला असता, तर चार लोक उठून गेले असते.

मुन्नाला विंचू चावलेला आहे. तो गुंड आहे, आईबापाशी खोटं बोललाय, आणि ज्या झहीरला जगवायचं त्याने मनावर घेतलं तो पोरगा त्याच्याच हातात मरतो. मिठी मारून कॅन्सर बरा होत नाही, हे सिनेमा स्वतः सांगतो आणि मुन्ना कॉलेज सोडून निघून जातो. दुसऱ्या भागात जान्हवीशी खोटं बोलल्याची किंमत म्हाताऱ्यांचं घर जाऊन चुकती होते. 'थ्री इडियट्स'मधल्या रँचोला काय चावलं? काहीच नाही. पीकेलाही नाही. ते दोघं बरोबर, बाकीचं जग चूक. भारूड संपून प्रवचन सुरू झालं ते २००९ पासून, असं माझं मत. योगायोगांबद्दल तक्रार करायची मला गरज वाटत नाही.

घाटीत शिकलेला

बाई, हा प्रतिसाद वेगळा धागा काढण्याच्या लायकीचा आहे.

तिसरी घंटा

मुद्दा जबरदस्त आहे, पण पीकेवर अन्याय होतोय. बाहेरून आलेला निरागस माणूस स्वतः बदलत नाही, तो आजूबाजूचं जग बदलतो, ही जुनी आणि सरळ रचना आहे. तो परग्रहावरचा आहे, त्याला आपला विंचू चावणार कसा?

आणि तरी चावतोच. त्याच्या ग्रहावर खोटं बोलत नाहीत हे आपल्याला आधी सांगितलेलं असतं. शेवटी निघताना तो कॅसेटींमध्ये जग्गूचा आवाज भरून नेतो आणि तिला भलतंच काहीतरी भरलंय असं सांगतो. पृथ्वीवरून तो काय शिकून गेला, तर खोटं बोलायला. तेही प्रेमापोटी. मला हा अख्ख्या सिनेमातला सगळ्यात चांगला क्षण वाटतो. महाराजाबरोबरचा वाद कापून टाकला आणि एवढंच ठेवलं तरी चालेल.

गोदाकाठ

तो क्षण मलाही आवडतो. पण अडीच तास बरोबर वागून शेवटच्या पाच मिनिटांत खरचटलं, त्याला विंचू म्हणत नाहीत हो.

परीक्षेच्या दारात दगड मांडून, त्याला पानाची पिंक आणि दोन नाणी वाहून दाखवतो तो प्रसंग मात्र अस्सल आहे. पोरं एकेक करून पाया पडत जातात. आमच्या शाळेबाहेर दहावीच्या वेळी हे असंच चालायचं, फक्त दगड आधीपासून होता.

मी_सेलूची

धागा वाचतेय. सगळे प्रेमाने बोलताहेत म्हणून मीच वाईटपणा घेते.

'थ्री इडियट्स'मधलं चतुरचं भाषण. 'चमत्कार'च्या जागी 'बलात्कार' घालून मिनिटभर विनोद. २००९ साली थिएटरात मीही बसले होते, आजूबाजूला हशा होता. परवा भाच्यांसोबत टीव्हीवर लागला तर बहिणीने रिमोट उचलला. हा कथेतला दोष नाही असं कुणी म्हणेल. मी म्हणते आहे. कारण तो विनोद हिरो घडवून आणतो, भाषणात शब्द बदलायला तोच लावतो, आणि सिनेमा त्यालाच शहाणा ठरवतो.

दुसरं, या सिनेमांतल्या बायका. जान्हवी जवळजवळ शेवटपर्यंत फसवलेली. जग्गू चिठ्ठीवरून पळालेली. पिया डॉक्टर आहे, गाडी चालवते, बापाच्या तोंडावर बोलते, आणि दहा वर्षांनी तिला मांडवातून उचलून लडाखला न्यावं लागतं. स्वतःहून काही ठरवायला कुणी मोकळी नाही. अपवाद फक्त मुन्नाच्या आईचा, रोहिणी हट्टंगडींचा. चार प्रसंग, पण ती बाई खरी आहे.

रेणापूरकर

सेलूच्या ताईंशी सहमत, आणि रिमोट आमच्याकडंही उचलला जातो.

बाईंचा विंचवाचा मुद्दा डोक्यात ठेवून मी संजय दत्तच्या आयुष्यावरचा 'संजू' पुन्हा लावला. गंमत बघा. सहांमध्ये सगळ्यात जास्त चावलेला नायक हाच. नशा, बापाशी दुरावा, घरात शस्त्र ठेवण्याचा गुन्हा. शस्त्र कायद्याखाली दोषी, कटाच्या आरोपातून सुटका, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा दिली, हे सगळं जगजाहीर आहे. भारुडाला याहून चांगलं सोंग मिळालं नसतं. आणि इथंच हिराणी कच खातात. जिथं माणसाने 'मला चावलं' म्हणायचं तिथं सिनेमा 'वर्तमानपत्रांनी चावलं' म्हणतो. शेवटी तर अख्खं गाणं त्यावर. नशेच्या दिवसांचा भाग आणि विकी कौशलचा कमली सोडला तर माझ्या लेखी सहांतला हा सगळ्यात कमकुवत. 'एक होता राजा' म्हणून सुरू केलेल्या गोष्टीत हवी तेवढी सूट घ्या. ज्याच्या नावाने कोर्टाचे कागद आहेत त्याच्या गोष्टीत नाही.

पांदण

'डंकी'वर कुणीच कामून बोलंना?

घाटीत शिकलेला

कारण कुणी पूर्ण पाहिला नाही.

पांदण

म्या पाह्यला. पंजाबातली पोरं चोरवाटेनं लंडनला जातात, त्याची गोष्ट. पहिल्या भागात इंग्रजीच्या क्लासात नुसता हास्यगोळा, तेवढ्यात तो विकी कौशलचा सुखी स्वतःला पेटवून घेतो. मंग वाटेत माणसं मरायलेत, आन् पुन्हा विनोद. पोटात कालवायलं राव.

पण एक सांगतो. आमच्याकडून बी दसरा झाला की ऊसतोडीला टोळ्या निघतात. बीडकडून जास्त, आमच्याकडून बी जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतेली आसती, ती फिटंस्तोवर माघारी यायचं नाव न्हाई. त्या पोरांना लंडन दिसतंय, ह्यांना कारखान्याची चिमणी, येवढाच फरक. म्हून मला त्यातला एजंट लगेच वळखू आला. पैसे आधी घेणार, जिम्मेदारी कुठलीच न्हाई. हे हिराणीनं बराबर धरलंय.

पुढं कोर्टात त्यांना मनतात, तुमच्या देशात जीवाला धोका हाय असं सांगा, ऱ्हायला परवानगी भेटल. शारुख मनतो, देशाला नाव ठेवणार न्हाई, आन् माघारी येतो. टाळ्या पडल्या. मी न्हाई वाजवल्या. आरं, उचल घेऊन गेलेल्या माणसाला असं बाणेदार बोलायला परवडतं का? तिघं सांगून टाकतात आन् तिथं ऱ्हातात, तर सिनेमा त्यांना पंचवीस वर्षं झुरायला लावतो. जनू शिक्षाच. जे खरं वागले त्यांना शिक्षा, जो भाषण करून आला त्यो हिरो.

गोदाकाठ

पांदण, हे मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं असतं. 'मला चावलं' असं म्हणणारे तिघं होते, आणि सिनेमाने नेमकी त्यांच्याकडं पाठ फिरवली.

औसा रोड

नमस्कार. वाचनमात्र होतो. नीटची तयारी चालू आहे, रिपीटर. लातुरात कुठं राहतो ते आयडीवरून कळालंच असेल.

सगळे रँचो आणि व्हायरसबद्दल बोलताहेत. मला चतुरबद्दल बोलायचंय.

आधी जॉय लोबो. त्याच्या प्रोजेक्टचं ते उडणारं यंत्र रँचो पूर्ण करतो, सगळी पोरं खाली जमून ओरडत असतात, कॅमेरा त्याच्या खिडकीपर्यंत वर चढतो आणि आत तो लटकलेला दिसतो. आरडाओरडा एकदम बंद. हिराणी एडिटर आहेत हे तिथं कळतं. आमच्या होस्टेलवर तो सीन आला की कुणी ना कुणी उठून पाणी प्यायला जातं. पण नंतर? रँचो व्हायरसला दोन वाक्यं सुनावतो आणि थोड्याच वेळात पुन्हा मजा सुरू. जॉयच्या आईबापाला परत कुणी भेटलं का, काही नाही.

आता चतुर. तो युगांडात जन्मलेला, पाँडिचेरीत शिकलेला, हिंदी येत नाही. जी भाषा येत नाही त्या भाषेत भाषण करायचंय, मग पाठ करण्याशिवाय त्याच्यापुढं पर्याय काय? मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग संस्थेच्या मराठी शाळेत. अकरावीला बायोलॉजीचं एनसीईआरटी समोर आलं तेव्हा 'एंडोप्लाझमिक रेटिक्युलम' म्हणजे काय ते कळण्याआधी मला त्याचं स्पेलिंग पाठ झालेलं होतं. रविवारी टेस्ट, सोमवारी रँक लागणार. कळेपर्यंत थांबायला वेळ कुणाकडं आहे? घोकणं आमची हौस नाही. समजून घ्यायची चैन ज्याला परवडते तो रँचो. तो पुस्तक न उघडता पहिला येतो, कारण लेखकाने त्याला पहिला आणायचं ठरवलंय. माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात मोठं भोक हे आहे. रँकच्या विरोधात बोलायचं म्हणून हिरोलाच पहिल्या नंबरवर ठेवावं लागलं. तोच रँचो पस्तीसावा आला असता तर त्याचं कुणी ऐकलं असतं का? शेवटी चतुर हरतो तोही कशाने, तर समोरच्याच्या नावावर चारशे पेटंट निघतात म्हणून. म्हणजे पुन्हा आकडाच जिंकला.

आणि सगळ्या कॉलेजात दिलेली तारीख पाळणारा एकटा चतुर आहे. ५ सप्टेंबरला, दहा वर्षांनी, टाकीवर हजर. रँचोचा पत्ताही त्यानेच काढला. जिगरी दोस्तांनी दहा वर्षांत काय काढलं? विंचू चावलेला माणूस बाईंना रँचोमध्ये सापडला नाही, कारण तो चतुर आहे. त्याचा हजार लोकांसमोर अपमान झालाय आणि तो ठणका त्याने दहा वर्षं सांभाळलाय. सिनेमाने त्याची पादण्यावरून चेष्टा केली आणि शेवटी त्याला रँचोसमोर पँट खाली करायला लावली.

मी_सेलूची

बाप रे. रँचोने शब्द बदलले ते ज्याला भाषा येत नाही त्याच्या भाषणात. माझं लक्ष त्या एका शब्दावरच होतं, हे दुसरं लिहिलंच नव्हतं.

तिसरी घंटा

औसा रोड, फार छान लिहिलंस. पण चतुरला इतका गरीब करू नकोस. परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्यांच्या खोल्यांत दाराखालून अश्लील मासिकं सरकवतो तोच ना? आपण वर जाता येत नसेल तर बाकीच्यांना खाली ओढायचं, हे त्याचं तत्त्वज्ञान. पटकथेने त्याला हे काम मुद्दाम दिलंय, नाहीतर तू म्हणतोस तसं प्रेक्षक त्याच्या बाजूने गेला असता.

औसा रोड

तेच तर म्हणतोय सर. मुद्दाम दिलंय. ती मासिकं काढून घेतली तर रँचोकडं चतुरला द्यायला उत्तर नाही. आणि आमच्या मजल्यावर असं कुणी करत नाही हो. टेस्टच्या आदल्या रात्री एकमेकांना पीवायक्यूचे, म्हणजे जुन्या पेपरांतल्या प्रश्नांचे, फोटो पाठवतात, नोट्सच्या झेरॉक्स काढून देतात, अकरा वाजता एकाच पातेल्यात मॅगी करतात. रँक सगळ्यांना पाहिजे, चौकातल्या फ्लेक्सवर फोटोही पाहिजे. त्यासाठी दुसऱ्याच्या दाराखालून काही सरकवावं लागतं असं हिराणींना कुणी सांगितलं माहीत नाही.

रेणापूरकर

औसा रोड, उद्या टेस्ट आहे ना तुझी? झोप आता. धागा कुठं जात नाही.

पांदण

झोपू द्या पोराला. मी तवर 'डंकी'चा दुसरा भाग पुन्हा बघतो, त्या तिघांपायी.